जेवलासा का

न पाहिलेल्या खुन्याचं वर्णन: तो एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्याच हेरतो. दार मोडत नाही. आधी काही दिवस मायेनं विचारपूस करतो.

तीन खुनांवरून हे वर्णन मांडणाऱ्या साताऱ्याच्या पोलीस अधिकारी साक्षी मॅडम कुंडल गावात एकट्या राहणाऱ्या मनुबाईंच्या दारी आल्या होत्या.

"आजी, हल्ली तुमची नवीन कोण चौकशी करतं?"

"माजी? ल्योक फौजेत, सून पुण्यात. कोन करतंय?"

"कुणीच नाही?"



"एक हाय. रोज इचारतो, मावशी, जेवलासा का. लय गोड बोलतो."

"नाव?"

"सांगितलं तर न्याल त्येला."

"न्यावं लागेल."

मनुबाईंनी रिकाम्या रस्त्याकडं पाहिलं. मग त्यांनी नाव सांगितलं.

"त्यो नसला," त्या म्हणाल्या, "तर माघारी धाडा."