खैरोंड्याचे तीन नकाशे

हर्षलानं बांधावर चुना टाकला आणि सगळं खैरोंडं येडं झालं. बास, एवढीच गोष्ट. पण नीट ऐका, कारण यात खोटं कोण बोललं ते शेवटपर्यंत कुणाला ठरवता आलेलं नाही.

खैरोंडं म्हणजे कळंबच्या पुढं, डोंगराला पाठ टेकून बसलेलं गाव. वर ठाकरवाडी, खाली भाताची खाचरं, मधे वरकस म्हणजे हलक्या जमिनीचा माळ, आणि नदीच्या अंगाला मुंबईच्या एका शेठचं फार्महाऊस. हर्षला कर्जतला कॉलेजात, शेवटच्या वर्षाला. विषय भूगोल. मॅडमनी प्रकल्प दिला, आपापल्या गावाचा भूमी-उपयोजन नकाशा. म्हणजे कुठल्या जमिनीवर काय चाललंय ते फिरून बघायचं आणि रंगवायचं. शेती पिवळी, वन हिरवं, घरं तांबडी, पाणी निळं, आणि जिथं काहीच नाही ती पड करडी.

सोपं वाटतंय ना? मॅडम सोप्या नाहीत. गेल्या वर्षी एकानं टपरीवर बसून नकाशा रंगवला, तर या बाई वही घेऊन त्याच्या गावात हजर. त्यानं जिथं तळं काढलेलं तिथं एसटीचा थांबा! सरळ शून्य. या वर्षी आधीच सांगून टाकलं, "शनिवारी मी खैरोंड्याला येणार. नकाशात एक आणि जमिनीवर एक दिसलं तर नापास."

आणि घरी बाबा म्हणाले, "नापास झालीस ना, तर पुढं शिकायचं नाव नाय. कुंभिवलीच्या कंपनीत पॅकिंगला लावतो. गाडी दारात येते." बाबा बोलतात कमी, पण बोलले की करतात. हर्षलाला एम.ए. करायचं होतं. पॅकिंगची टोपी डोक्यावर घालून खोके चिकटवायचे नव्हते.

मग काय, सोमवारी आणि मंगळवारी तिनं आणि तिच्या मैत्रिणीनं, भाविकानं, टेप, मोबाईल आणि वही घेऊन अख्खा गाव तुडवला. भात कापून झालेलं, खाचरं मोकळी, नुसती खुंटं. दर शंभर पावलांवर थांबायचं, काय दिसतंय ते लिहायचं, आणि तीच जागा परत मोजली जाऊ नये म्हणून बांधावर चिमूटभर चुन्याची फुली.

"शेठच्या पोहायच्या टाकीला कुठला रंग?" भाविकानं कुंपणातून डोकावत विचारलं.

"निळा. पाणी हाय ना?"

"पानी नाय, त्यात शेठ हाय."

"मग वस्ती. तांबडा."

बुधवारी कॉलेजात बसून हर्षलानं नकाशा रंगवला. डोंगराकडं हिरवा, गावठाण तांबडं, आणि मधली सगळी खाचरं करडी. कारण खैरोंड्यात भात काढलं की पुढं कुणी काही पेरतच नाही. झकास झालेला नकाशा. मॅडम आल्या असत्या, दोन खाचरं बघितली असती, सही ठोकून गेल्या असत्या.

पण इकडं गावात नवनाथ होता ना.

नवनाथचा टेंपो. रोज सकाळी भाजी घेऊन शिळफाट्याला जातो. मंगळवारी जाताना त्याला बांधावर एक फुली दिसली. शिळफाट्यावर चहा पितापिता त्या एकीच्या दहा झाल्या. खोपोलीच्या एका गिऱ्हाइकानं "मोजणी असणार" म्हटलं. टेंपो गावात परत आला तेव्हा खैरोंड्यातून सहा पदरी रस्ता चाललेला होता.

आता गावाचंही चुकलं म्हणू नका. आपल्या भागात बांधावर चुना पडला की तो कशाचा म्हणून कुणी विचारत बसतं का? हायवे आला तेव्हा आधी चुनाच पडलेला. पाइपलाइन गेली तेव्हाही चुनाच. आणि पाळण्यातल्या पोरालाही पाठ असतं की रस्त्यात जमीन गेली तर जमिनीचं वेगळं मिळतं, घराचं वेगळं आणि झाडाचं वेगळं, दर झाडामागं.

गुरुवारी हर्षला सकाळी दात घासत परसात आली आणि ब्रश तोंडात तसाच राहिला. समोर आंब्याची बाग! काल जिथं भाताची खुंटं होती तिथं रांगेत, सरळ दोरी धरल्यासारखी, शंभरेक आंब्याची झाडं. आणि तिचे सख्खे काका, गजाकाका, एकेका झाडाला पाणी घालत फिरतायत.

"काका, हे काय?"

"बाग. डोळं फुटलं का गं?"

हर्षलानं जवळचं एक झाड धरून हलवलं. ते हातातच आलं. खाली मूळ नाही, काही नाही. नुसती फांदी, कोयत्यानं तासलेली.

"काका, याला मुळंच नाहीत!"

"हळू बोल!" काका इकडंतिकडं बघत म्हणाले. "पुडल्या रांगेत दोन खरी कलमं हायेत. आता ते विमानावानी बारकं यंत्र सोडतात वरून. वरून बघनाऱ्याला मुळं दिसतात का?"

"अहो, कुठलं यंत्र? तो चुना मी टाकलाय! माझ्या प्रकल्पासाठी!"

काकांनी तिच्याकडं असं बघितलं की लहानपणी खोटं बोलताना सापडली होती तेव्हाही तसं बघितलं नव्हतं. "मोजनीवालं पन हेच सांगतात. कॉलेजचा प्रकल्प हाय, काय घाबरू नका."

ती गावभर धावली. सगळीकडं तेच! उताराच्या पायऱ्यापायऱ्यांच्या खाचरात आंबा, वरकस माळावर आंबा. विठूनानांनी तर कमालच केली, खाचराच्या मधोमध दाराची चौकट उभी केली. नुसती चौकट. तिला फळी, फळीला कडी, कडीला कुलूप.

"नाना, हे काय?"

"घर."

"भिंती कुठायत?"

"काम चालू हाय."

फांद्या आणायला माणूस लावलेला ठाकरवाडीचा शुक्रा. तो आणि त्याची बायको कोंडी काल रात्रीपासून डोंगरातून भारे वाहत होते. शुक्रानं भारा उतरवला, घाम पुसला आणि हर्षलाला हळूच विचारलं, "बाय, तू शिकलेली. ही खुंटी रोवून आंबा लागतो का?"

"नाही हो, दादा."

"मंग हे का रोवतात?"

"रस्ता येणार आहे म्हणून."

शुक्रानं थोडा विचार केला. "रस्त्याला आंबं लागतात काय?" म्हणाला, आणि पुढचा भारा आणायला निघाला.

हर्षला घरी येऊन डोकं धरून बसली. भाविका म्हणाली, "एवढं काय त्यात? जमिनीवर बाग दिसते, नकाशात बाग रंगव." हे पटलं. दोघींनी बसून दुसरा नकाशा काढला, खाचरांवर बागायतीचे हिरवे ठिपके. रंगवून झाल्यावर हर्षलानं खिडकीतून बाहेर बघितलं. दुपारच्या उन्हात अर्धी बाग माना टाकून बसलेली. शनिवारपर्यंत सगळी पानं चहाच्या भुकटीसारखी होणार. मॅडम येणार, एक झाड हातात धरणार, ते हातात येणार. झालं मग. पॅकिंग.

खरं सांगून तर कुणी ऐकत नव्हतं. मग हर्षलानं काय केलं? खरंच सांगितलं, पण दुसरं.

ती गेली सोनुकाकीकडं. सोनुबाई म्हणजे गजाकाकांची बायको. सोनुकाकीला एखादी गोष्ट "कुणाला सांगू नकोस" म्हणून सांगितली की ती ग्रामपंचायतीच्या भोंग्यापेक्षा लांब पोचते.

"काकी, शनिवारी मॅडम येणारेत. कुणाला बोलू नकोस हां. त्यांचा नियम आहे, जिथं झाडंच झाडं दिसतील तिथं नकाशात हिरवा रंग भरायचा."

"मंग भरू दे की. बरा दिसतो."

"हिरवा म्हणजे वन."

सोनुकाकीच्या हातातलं सूप थांबलं. "वन म्हंजी... त्ये सातबाऱ्यावर लागतं त्ये वन?"

हर्षला नुसती नखं बघत बसली. खोटं एक अक्षर नाही हां! हिरवा म्हणजे वन, हे मॅडमनी पहिल्या दिवशीच फळ्यावर लिहिलेलं. पण आपल्याकडं एकदा सातबाऱ्यावर 'खाजगी वन' असं लागलं की जमीन असून नसल्यासारखी. विकता येत नाही, घर बांधता येत नाही, नुसते हेलपाटे. शेजारच्या गावात दोघांच्या जमिनीला लागलेलं, तेव्हापासून खैरोंड्यात तो शब्द कुणी मोठ्यानं उच्चारत नाही.

शुक्रवारी सकाळी नऊपर्यंत खैरोंड्यात औषधाला आंबा शिल्लक नव्हता. गजाकाकांनी तर घाईघाईत ती दोन खरी कलमंसुद्धा उपटली. सगळ्या फांद्या एका बाजूला टाकल्या, आणि त्या न्यायला कोण? शुक्रा आणि कोंडी. आणायची मजुरी बुधवार-गुरुवारी, न्यायची शुक्रवारी, वर जळण फुकट. कोंडी भारा डोक्यावर घेत म्हणाली, "आजून येक रस्ता येऊं दे गं बाय. पावसाळ्यापुरतं होईल."

हर्षलानं सुस्कारा सोडला, पहिला नकाशा पिशवीत घातला आणि कॉलेजला गेली. निघताना दुसराही घातला, घरात कुणाच्या हाती नको म्हणून.

संध्याकाळी परत येते तर खाचरांत अख्खा गाव वाकलेला.

"आता काय करताय?"

"खड्डं ऱ्हायलं ना!" सोनुकाकी कंबर धरून उठली. "खड्डं बघून बाई म्हननार, हितं झाडं होती. म्हून वाल टाकला. खड्ड्याला दोन-तीन दानं. वन नाय, शेती हाय ही. आता कोन लावतो हिरवा रंग बघतेच!"

वाल! सगळ्या खाचरांत! म्हणजे पड राहिलीच नाही. करडा नकाशा पुन्हा खोटा. हर्षलाला रडावं का हसावं कळेना. तिनं तिसरा कागद काढला आणि जेवायच्या आधी सगळी खाचरं पिवळी केली. पण मॅडमनी गावात चार प्रश्न विचारले तर?

शनिवारी मॅडम आल्या. आणि त्यांच्यामागं सगळं गाव. मॅडम बांधावरून चालतायत, खाचराकडं बघतायत, वहीत लिहितायत. विठूनानांच्या कुलूपबंद चौकटीपाशी जरा थांबल्या, चौकटीच्या मागं जाऊन आल्या आणि पुढं गेल्या.

"इथं काय पेरता?"

"वाल," गजाकाका छाती काढून पुढं. "बापजाद्यांपासून. येक वरीस खंड नाय."

मॅडम खाली बसल्या. बोटानं माती उकरली. वालाचा दाणा काढून तळहातावर घेतला. नुसता फुगलेला, मोड नाही.

"हा काल पेरलाय."

"हे उशिराचं हाय. बाकीचं आधीचं."

मॅडमनी शेजारचा खड्डा उकरला. मग त्याच्या शेजारचा. सगळे दाणे एका वयाचे. त्या उठल्या, हात झटकले आणि हर्षलाकडं वळल्या. "नकाशा दाखव. आणि मला सांग, इथं दरवर्षी वाल असतो?"

बघा आता अडचण. हो म्हणावं, तर मॅडमच्या तळहातावर दाणा आहे. नाही म्हणावं, तर अख्ख्या गावासमोर रस्ता आणि वन दोन्ही उघडं पडणार आणि गजाकाका इथंच बांधावर गाडणार. काका मागून डोळे वटारत होते. हर्षलाला कंपनीची गाडी दारात उभी दिसली.

तिनं पिशवीत हात घातला आणि तिन्ही नकाशे काढून बांधावर अंथरले.

"हा मंगळवारपर्यंतचा. हा गुरुवारचा. हा कालचा. तिन्ही खरेत, मॅडम."

आणि सगळं सांगून टाकलं. चुना, नवनाथ, शुक्राचे भारे, काकीला सांगितलेलं गुपित. एका दमात.

मॅडमचा चेहरा आधी हलला नाही. मग गाल थरथरले. मग त्या बांधावरच बसल्या आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. "मी वर्गात शिकवते की जमिनीचा वापर बदलायला पिढी जाते. तू एका आठवड्यात दोनदा बदललास!"

"म्हंजी रस्ता नाय?" सोनुकाकीनं विचारलं.

"नाही काकी."

"आन् वन?"

"तेही नाही."

"मंग आमी काल कंबर मोडली ती कशापायी?"

"हिच्या परीक्षेपायी!" गजाकाका गरजले. "उपटतो समदं!"

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "आधी मला सांगा, ओल आहे, माती चांगली आहे, मग इतकी वर्षं पेरत का नव्हता?"

गजाकाकांनी विठूनानांना कोपरानं ढोसलं. मग विठूनाना म्हणाले, "गुरं. भात कापलं की सगळी मोकळी सोडतात. येकट्यानं पेरलं तर सगळ्या गावाची गुरं त्याच्याच वालावर. म्हून येकानं सोडलं, मंग दुसऱ्यानं."

"आणि आता?"

"आता काय?"

"आता तर सगळ्यांनीच पेरलंय."

गाव एकमेकांकडं बघायला लागलं. खरंच की! बापजाद्यांच्या काळानंतर पहिल्यांदा सगळी खाचरं एकदम पेरलेली, आणि कुणाच्या ते लक्षातच आलं नव्हतं. सोनुकाकी पुटपुटली, "पोपटीच्या मडक्यात भाजायला शेंगा इकत आनतो आपन. लाज हाय का कुनाला?"

मॅडमनी तिन्ही नकाशांवर सही केली, तारखेसकट. "तिन्ही जोड. आणि हे आत्ता सांगितलंस ते सगळं लिहून काढ. चांगले गुण पडतील."

हर्षला अशी उडाली की चप्पल खाचरात. पण गावानं सोडलं नाही हां तिला. गुरं बांधायची सवय कुणाला नव्हती, दावी कुठं पडलीत तेही आठवत नव्हतं. मग शेंगा हाती येईपर्यंत राखण कुणी करायची? एकमतानं ठरलं. ग्रामसभेत एवढं एकमत कधी झालेलं नाही.

आता रोज सकाळी कॉलेजच्या आधी हर्षला हातात काठी घेऊन खाचरात पळत असते. सगळ्यात जास्त छळते ती गजाकाकांची तांबडी गाय, आणि गजाकाका बांधावर बसून, चहाची बशी फुंकत, वरून ओरडत असतात, "डाव्या अंगानं जा गं! डाव्या! भूगोल शिकलीस ना?"