फौजदाराचं स्थळ

विम्याच्या कचेरीत माझं काम एकच होतं: लोक कुठे खोटं बोलतात ते शोधायचं. निवृत्त झाले, पण सुंभ जळला तरी पीळ जातो थोडाच! आता मी शेल्टरमधली कुत्री घरी सांभाळते, त्यांना कायमचं घर मिळेपर्यंत. पगार नाही, रजा नाही, आणि सोफ्यावर बसायला जागा नाही. कुत्रं कोणी मागितलं की त्याचं घर आधी मी जाऊन तपासते. माझा होकार असेल तरच ते जातं.

फौजदार आला तेव्हा फिरत्या पंख्यावरही भुंकायचा. एक कान फाटलेला, दाढी पांढरी, आणि नजर अशी की समोरच्याने न केलेला गुन्हाही कबूल करावा. नाव आमच्या ह्यांनी ठेवलं. "घरात एक होतीच," म्हणाले, "आता जोडीदार आला."

त्याच्यासाठी आलेली सगळी घरं मी नाकारली. एकाच्या गच्चीचा कठडा बुटका होता. एकीची मुलं फारच गोड बोलत होती.

"गोड बोलणं हा गुन्हा झाला का?" ह्यांनी विचारलं.

"पढवून ठेवली होती."

"अगं, कुत्रं द्यायचंय, मुलगी नाही!"

शेवटी शेल्टरच्या ताईंचा फोन आला. "मावशी, एक कुत्री पिल्लांसकट आलीये, तिला तुमची खोली लागेल. आता एकच घर उरलंय. तेही नाकारलंत तर फौजदार परत पिंजऱ्यात. म्हातारा आहे हो, पुन्हा कोणी विचारायचं नाही त्याला."

ते घर एका घड्याळजींचं होतं. पुढच्या खोलीत दुरुस्तीचं टेबल, मागे स्वयंपाकघर, माणूस एकटा. फौजदाराला घेऊनच गेले. तो दारातच गुरगुरला, तर घड्याळजी वाकले नाहीत, हात पुढे केला नाही, नुसते बाजूला तोंड करून उभे राहिले. मला तेही खटकलं. इतकं कसं कळतं याला?

"ढग गडगडले की हा घाबरतो," मी म्हणाले.

"कपाटामागे जागा करून देईन. तिथे त्यांना बरं वाटतं."

"आधी कुत्रं होतं?"

"नाही. कधीच नाही."

कुठेतरी पाणी मुरत होतं. मी हात धुण्याच्या निमित्ताने मागे गेले. मागचं दार नुकतंच रंगवलेलं होतं, आणि तेही फक्त खालचा भाग. मी वाकून बोट फिरवलं. रंगाखाली नखांचे खोल ओरखडे होते.

"हे काय आहे?" मी तिथूनच ओरडले.

घड्याळजी आले, दाराकडे पाहिलं आणि स्टुलावर बसले. "होतं," म्हणाले. "बायको अंथरुणाला खिळली. दोघांचं करणं झेपेना. इथे लोक ओळखतात, म्हणून लांब, आमच्या जुन्या गावच्या शेल्टरमध्ये सोडून आलो. ती गेल्यावर आणायला गेलो, तोवर त्याला कोणीतरी नेलं होतं. कुठे, ते सांगत नाहीत."

"मग खोटं का बोललात?"

"ज्याने एकदा सोडलं त्याला दुसरं मिळत नाही. नियम तुम्हालाही माहीत आहे."

माहीत होता. योग्यच नियम आहे. शिवाय आजारी बायकोची गोष्ट मी नोकरीत इतक्या जणांकडून ऐकली होती, की खरी आजारी बायकोही मला दाखल्याशिवाय पटली नसती. मी फौजदाराचा पट्टा हातात गुंडाळायला लागले.

"त्या दिवशी तो रडलाबिडला नाही," घड्याळजी खाली बघत म्हणाले. "शांत बसला होता. त्याला वाटलं, मी येतोच आहे परत."

मी पट्टा गुंडाळायची थांबले. कारण मी ज्या ज्या कुत्र्याला दुसऱ्याच्या दारात सोडलं, ते असंच शांत बसलं होतं. मीही कधी परत गेले नव्हते. मला या माणसाचा राग आला, माझा त्याहून जास्त आला, आणि तेवढ्यात फोन वाजला. ताईच होत्या.

"काय मावशी, कसं आहे घर? आणि त्यांनी आधी कुठलं कुत्रं सोडलेलं नाही ना? ते विचारायचंच, बरं का."

घड्याळजींनी मान वर केली नाही. फौजदार माझ्या पायाशी, पट्टा कुठल्या दिशेने ओढला जातो याची वाट बघत उभा होता. नोकरीत मी एकही खोटा कागद पुढे सरकवला नव्हता.

"नाही," मी म्हणाले. "त्यांचं हे पहिलंच. घर चांगलं आहे. फौजदार इथेच राहतोय."

फोन ठेवला. घड्याळजी काहीतरी बोलणार होते. "आभार मानू नका," मी दरडावलं. "मी येत राहणार आहे. न सांगता."

"या," ते म्हणाले.

फौजदार शांत बसून राहिला. मी मागे न बघता निघाले.

घरी हे दारातच उभे होते. माझ्या रिकाम्या हाताकडे पाहून म्हणाले, "दिलास? आणि खोट काहीच सापडली नाही?"

"काहीच नाही."

दुसऱ्यांदा बोलायला सोपं गेलं. ह्यांनी माझ्या रडून लाल झालेल्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा मला त्यांच्या नजरेत संशय दिसला.