पिवळी वायर

शिवकन्येनं इंटरनेटच्या डब्यावरून बोट फिरवलं आणि डोळ्यांजवळ नेलं. भस्म. म्हणजे सकाळी सासूबाईंचा हात पुन्हा इथं लागला होता, आणि डब्यावर पुन्हा तांबडा दिवा लुकलुकत होता.

"रोज असंच," ती मुनवरला म्हणाली. "दिवसा जातं, संध्याकाळी आपोआप येतं. तुमच्याकडचा घोळ असता तर घड्याळ बघून झाला असता का?"

मुनवर केबलवाल्याचा माणूस होता. तो शिडी घेऊन बाहेरच्या खांबाकडं गेला.

शिवकन्या घरी बसून पुण्यातल्या एका दवाखान्याचे फोन घ्यायची. उमेदवारीचा महिना उद्या संपत होता. आज दुपारचे फोन तुटले तर उद्यापासून काम बंद, असं तिथल्या बाईंनी बजावलं होतं. लग्नानंतर हातात आलेलं पहिलं स्वतःचं काम घरातलंच कुणीतरी हिसकावून घेतंय, या विचारानं तिचं डोकं तापलं होतं. आणि कुणीतरी म्हणजे सासूबाई, शिवम्माच. दिवसभर परक्या माणसांशी बोलणारी सून कुठल्या सासूला गोड लागेल? शंभुलिंगाचं तसं नव्हतं. तो नुसतं 'बघू' म्हणायचा. नवरा नको म्हणत नाही हेच केवढं नशीब, असं ती माहेरी सांगून बसली होती.

मुनवर परत आला. "खांबावरची काळी वायर ठीक हाय. तिच्यात पोलादी तार असती, ती सहजी मुरडत न्हाय. घोळ घरातल्या पिवळीत हाय, वहिनी. तिच्यात केसाएवढी काच. तुटायची बी गरज न्हाय, लई मुरडली की आतला उजेड बाहेर सांडतो."

"कुणी मुद्दाम मुरडली तर?"

"दुकानातला दिवा बंद करा," मुनवर म्हणाला.

वायर पुढच्या कापडाच्या दुकानातून घरात येत होती. शंभुलिंग माल आणायला उमरग्याला गेला होता आणि शटर खाली होतं. मुनवरनं पेनाएवढी बॅटरी वायरच्या टोकाला लावली. साड्यांच्या फळीमागं, अंधारात, एक तांबडा ठिपका पेटला.

तिथं वायर खिळ्याभोवती आवळून सुतळीनं बांधली होती. दोन वेढे, सरकगाठ आणि टोक आत खुपसलेलं. ओढलं की सुटावं असं. कापडाच्या गठ्ठ्यांना अशी गाठ या घरात एकच माणूस मारायचा.

"म्याच बांधली ती."

मागं शिवम्मा उभ्या होत्या. त्यांनी गाठीकडं नीट पाहिलं आणि मग नजर वळवली. "वायर लोंबत व्हती."

शिवकन्येनं त्यांच्या बोटांकडं पाहिलं. संधिवातानं ती वाकडी झाली होती. त्यांच्या चोळीचे हूकसुद्धा रोज सकाळी शिवकन्याच लावून द्यायची.

"आणि डब्यावरचं भस्म, आत्ती?"

"ते बी म्याच लावते. तुझं काम बंद पडू ने म्हणून."

शिवकन्येला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुनवरनं सुतळीचं टोक ओढलं, वायर मोकळी करून परत जोडली. "मुरडली तरी चालंल अशी बी वायर मिळती. टाकू का?"

"मग सांगते," असं म्हणत ती आत पळाली. डब्यावर हिरवा दिवा आला होता. दुपारभर एकही फोन तुटला नाही.

संध्याकाळी शंभुलिंग जेवायला बसला. तिनं ताटात भाकरी वाढली.

"वायरला गाठ सापडली. आत्ती म्हणतात, त्यांनी मारली."

त्याचा हात भाकरीवर थांबला. मग त्यानं तुकडा मोडला.

"असंल. वय झालंय तिचं. कशालाबी हात लावती."

शिवम्मा भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या लेकाकडं बघत राहिल्या. त्यानं ताटातून मान वर केली नाही.

"शिवकन्ये," त्या म्हणाल्या, "मुनवरला उद्या सकाळीच बोलीव. वायर दुकानातनं नगं. माझ्या खोलीतनं घे, खाटंच्या उशाला."