उतरलेल्या तापाचे रिपोर्ट

"यापुढं पृथ्वीतलावर ताप नावाची चीज उरणार नाही!" गारबाबांनी जाहीर केलं आणि कूलर जवळ ओढायला सांगितला. त्यांना उकडत होतं.

पैठण रोडला प्लॉटिंगच्या खुंट्या आणि टँकरची वाट बघणारी पिंपं, यांच्या मधोमध बाबांचा मांडव. दुष्काळात शेळ्यामेंढ्या घेऊन शहराच्या कडेला आलेली माणसं तिथं दाटली होती. मांडवात देवाची तसबीर एकच. बाकी सगळे रक्ततपासणीचे रिपोर्ट. 'दोष आढळला नाही.' लॅमिनेशन केलेले.

बाबांचा नियम एकच. अंग तापलेलं असताना रक्त काढू द्यायचं नाही, भूत खवळतं. अंगारा लावा, ताप उतरला की खुशाल तपासा.

सखूबाईची सून सुकेशनी सात महिन्यांची गरोदर होती. ती तापानं फणफणली. अंगारा लागला, चौथ्या दिवशी ताप गेला, स्वच्छ रिपोर्ट मांडवात लटकला. आठवड्यानं ताप परत आला.

"बाबा, भूत गेलं म्हणला व्हता की!" सखूबाई म्हणाली.

"ते गेलं. हे दुसरं. तुझ्या माहेरचं दिसतंय."

"माझ्या म्हायेरात इतकं आगाऊ कुनी नाय!"

तरी अंगारा लागलाच. तिसऱ्या खेपेच्या तापात बाळ पोटातच गेलं. तेव्हा कुठं सुकेशनीला दवाखान्यात नेलं, आणि तिथल्या डॉक्टर योगिनींना तिचं भर तापातलं रक्त मिळालं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर सखूबाईला सोबत घेऊन, सूक्ष्मदर्शकासकट थेट मांडवात आल्या. सखूबाईनं डोळा लावला. मळसूत्रासारखे जांभळे दोरे.

"हे जंतू. भिंतीच्या भेगेतला गोचीड चावला, त्यातून आत आले," डॉक्टर म्हणाल्या. "शरीर यांना यांच्या बाहेरच्या आवरणावरून, म्हणजे जणू कपड्यांवरून ओळखतं आणि मारतं. ताप उतरतो. पण थोडे कपडे बदलून बसलेले असतात. ते वाढले की पुन्हा ताप. मधल्या दिवसांत इतके कमी, की तपासणीत सापडत नाहीत."

"मग अंगारा?"

"नसता लावला तरी उतरलाच असता, मावशी. पहिल्याच तापात रक्त तपासलं असतं, तर गोळ्यांनी भागलं असतं."

बाबांना जंतू ठाऊक नव्हता. ताप आपोआप उतरण्याचे दिवस मात्र पाठ होते. म्हणून, कुणाचे पाय धरण्याआधी एवढंच विचारा : काहीच केलं नसतं, तर काय झालं असतं?

"विज्ञान आपल्या जागी..." बाबांनी सुरुवात केली.

सखूबाईनं त्यांच्याकडं पाठ केली आणि हात पुढं धरला.

"ताई, सकाळपास्नं माझंबी अंग तापलंय. बोट टोचता का?"