बास्केटीचं वजन

हे लिहायचं नाही असंच जवळजवळ ठरलं होतं. 'मी' म्हणून लिहायला घेतलं की हात जड व्हायचा. म्हणून 'तो' म्हणतो. 'तो' म्हटलं की जरा खरं बोलता येतं.

तर तो. कुत्र्या-मांजरांचा डॉक्टर. वय एकोणतीस, पाठ पन्नाशीची. माणसांच्या डॉक्टरकीला मार्क कमी पडले म्हणून इकडे आला, असं नातेवाईक सांगतात. साफ खोटं. त्याला पहिल्यापासून हेच करायचं होतं. वडील अजूनही लोकांना 'मुलगा डॉक्टर आहे' एवढंच सांगतात आणि पुढचा प्रश्न यायच्या आत विषय बदलतात.

कॉलेजात साडेपाच वर्षं गेली. गाय, घोडा, डुक्कर, कोंबडी, सगळ्यांची हाडं पाठ. समोर पुस्तक धरून ती म्हणवून घ्यायला बसायचा लांब्या, शाळेपासूनचा मित्र. लांब्या पुढे इलेक्ट्रिशियन झाला, पण घोड्याच्या पुढच्या पायातली हाडं त्याला आजही ओळीने म्हणता येतात. उपयोग शून्य, पण येतात.

त्या दिवशी लांब्या कामावर जाता जाता आपला बोका दवाखान्यात सोडून गेला. बोक्याचं नाव साहेब. दाढ किडली होती, ती काढायची होती. साहेब बास्केटीच्या जाळीच्या दाराआड कान पाडून गुरगुरत होता.

"जपून हं. दोघंच राहिलोय घरात," लांब्या म्हणाला. बायको वेगळी झाल्यापासून तो हे वाक्य हसत हसत म्हणायचा. "आणि उपाशी ठेवलंय म्हणून साहेब माझ्यावर भडकलेत. राग तुझ्यावर निघेल."

"निघू दे. संध्याकाळी सहाला ये."

नऊ वाजता एका म्हाताऱ्या कुत्र्याला शेवटचं इंजेक्शन द्यायचं होतं. चौदा वर्षांचा कुत्रा, मागचे पाय गेलेले. त्याचे मालक, एक आजोबा, त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले आणि सगळं झाल्यावरही पंधरा मिनिटं तसेच बसून राहिले. त्यांना उठा कसं म्हणायचं? तोपर्यंत बाहेर कोणाचं तरी नवंकोरं पिल्लू भुंकायला लागलं होतं. पहिली लस. डॉक्टरने तोंड धुतलं, आरशात बघून हसू लावलं आणि दार उघडलं. "अरे, कोण आलंय हे!"

हे असंच असतं. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना तोंड बदलायचं. मग कान पिकलेला कुत्रा, मग मोजा गिळलेला, मग दात वाढलेला ससा, मग एक बाई, ज्यांनी कुत्र्याच्या खाजेबद्दल इंटरनेटवर सगळं वाचलं होतं आणि फक्त त्याची सही हवी होती. बारा वाजेपर्यंत त्याने पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं.

मग साहेब.

चिडक्या मांजराला बाहेर काढायचंच नाही, अशी तिथली रीत. बास्केटीसकट काट्यावर ठेवायचं, बास्केटीचं वजन वजा करायचं आणि जाळीतूनच गुंगीचं इंजेक्शन द्यायचं. दवाखान्यातल्या सगळ्या बास्केटींवर मावशींनी जाड मार्करने वजन लिहून ठेवलं होतं. मावशी म्हणजे तिथल्या मदतनीस, डॉक्टरपेक्षा बारा वर्षं जुन्या.

काट्याने चार किलो आठशे दाखवलं. त्याने आकडा लिहिला, वजनाप्रमाणे औषधाचा तक्ता बघितला, सिरिंज भरली आणि टोचली. साहेबाने एकदा फिस्कारलं, मग डोकं खाली टेकवलं. फार लवकर टेकवलं.

त्याने दार उघडून बोक्याला उचललं. हाताला हलकं लागलं.

मावशी ऑक्सिजनचा मास्क घेऊन येत होत्या, त्या मध्येच थांबल्या. बास्केट उलटी-पालटी करून पाहिली. कुठेच आकडा नव्हता.

"डॉक्टर, ही बास्केट आपली नाही."

बास्केट लांब्याची होती. एक किलो सातशेची. बोका तीन किलोचा आणि औषध जवळजवळ पाच किलोचं. आकडा दिसला नाही, म्हणून वजा करायचं सुचलंच नाही.

मग बोलायला वेळ नव्हता. इंजेक्शनात दोन औषधं होती. एकाचा उतारा होता, तो दिला. दुसऱ्याचा नव्हता, ते अंगातून जाईपर्यंत वाट बघायची. मावशींनी हातमोज्यांत गरम पाणी भरून, गाठ मारून ते फुगे साहेबाच्या पोटाशी लावले. श्वासासाठी घशात नळी घातली. दातांवरच्या फिक्या हिरड्यांकडे बघत तो श्वास मोजत राहिला. मिनिटाला सहा. मग पाच.

एक वाजता लांब्याचा फोन आला. मावशींनी तो त्याच्या कानाला लावला.

"काय रे, साहेबांची दाढ निघाली?"

"चाललंय."

"उठले का?"

"उठतायत हळूहळू."

मावशींनी फोन काढून घेतला. गार झालेले फुगे बदलायला घेतले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाहेरचे पेशंट मावशींनी उद्यावर ढकलले. तो स्टुलावर बसून राहिला, एक हात बोक्याच्या बरगड्यांवर. अडीचला श्वास दहावर आले. साडेतीनला कान हलला. सव्वाचारला साहेबाने डोळे उघडले, उठायला गेला आणि दारू प्यायल्यासारखा कुशीवर पडला. मग पुन्हा उठला आणि डॉक्टरच्या अंगठ्याला कडकडून चावला.

"हां, आला भानावर," मावशी म्हणाल्या आणि तोंड फिरवून पदराने डोळे पुसले.

सहाला लांब्या आला. हाताला वायरचा काळा डाग, तोंडभर हसू. "काय म्हणतायत पेशंट?"

अंगठ्याला पट्टी बांधत डॉक्टरने मनात वाक्य तयार केलं होतं. जरा गुंगी जास्त आहे, उद्या बरा होईल. वाक्य खोटंही नव्हतं. पण मावशी फरशी पुसत होत्या आणि तीच तीच फरशी तिसऱ्यांदा पुसत होत्या.

"बस जरा," तो म्हणाला आणि सगळं सांगितलं. बास्केट, काटा, पाच श्वास. दाढ तशीच आहे हेही. परवा रक्त तपासायचं, किडनीला काही झालंय का ते तेव्हा कळेल, हेही.

लांब्याने बास्केटीच्या जाळीत बोट घातलं. साहेब ते बोट हुंगत होता.

"एकला फोन केला तेव्हा उठतायत म्हणालास."

"खोटं बोललो."

"मेला असता तर?"

"मेलाही असता."

"म्हणजे आता ह्याला परत आणायचं. तुझ्याकडे."

"माझ्याकडे नको वाटत असेल तर दुसरीकडे चिठ्ठी देतो."

लांब्याने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. मग म्हणाला, "एक सांग. माझ्या जागी दुसरा कोणी असता, अनोळखी, तर हे सांगितलं असतंस?"

डॉक्टरला थाप मारायचं त्राण उरलं नव्हतं.

"माहीत नाही."

"तेच म्हटलं." लांब्या उठला, बास्केट छातीशी धरली. "चूक माझ्याकडूनही होते रे. मेन स्विच बंद न करता हात घातलाय मी. पण फोनवर... मी तिकडे शिडीवर उभा राहून हसत होतो."

तो दारापर्यंत गेला. डॉक्टर मागोमाग गेला, दार धरलं. पाय दुखत होते, अंगठा ठणकत होता, उद्या आठला ढकललेले सगळे पेशंट येणार होते.

"लांब्या, थांब. ऐक. पुन्हा माझ्या हातून चूक झाली, तर समोर कोणीही असो. ओळखीचा असो, नसो, भांडखोर असो. संध्याकाळपर्यंत थांबणार नाही, फोन येईल तेव्हाच खरं सांगेन. माझा शब्द."