कात्रीताईवरचा लेख

बाबांना अर्धांगवायू झाला त्याला दोन महिने होऊन गेले होते आणि त्यांची दाढी आता उशीला अडकायला लागली होती. दादाने एकदा मशीन फिरवून पाहिलं. बाबांचा उजवा गाल सैल पडलेला, तिथली कातडी मशीनमध्ये ओढली गेली. बाबांना बोलता येत नव्हतं. त्यांनी फक्त डोळे घट्ट मिटून घेतले. दादा मशीन टेबलावर ठेवून गॅलरीत जाऊन उभा राहिला. "मला नाही जमायचं," एवढंच म्हणाला.

बाबांची पाठ पुसायला येणाऱ्या नर्सने मला एक नंबर दिला. "हिला बोलवा. सगळे तिला कात्रीताईच म्हणतात."

कात्रीताई पन्नाशीची, ठेंगणी, आवाजाने खणखणीत. तिसऱ्या मजल्यावर धापा टाकत आली आणि दारातच म्हणाली, "पेशंट कुठाय ते नंतर. आधी गरम पाणी ठेवा." तिने पिशवीतून रबरी चादर काढली, दोन वाट्या काढल्या, फडक्यात गुंडाळलेल्या तीन कात्र्या काढल्या. बाबांना कुशीवर कसं वळवायचं ते मला आणि दादाला दाखवलं. सैल गालाखाली तिने डावा अंगठा टेकवला. तो अंगठा लहानपणी मोडून वाकडा जुळलेला होता, आणि नेमका त्या वाकड्या खोलगट भागात बाबांचा गाल ताणून बसला. वस्तरा फिरला, पण कुठे खरचटलं नाही. ती बाबांशी एकसारखी बोलत होती. "काका, तरुणपणी मिशा ठेवायचात का? ठेवायचात वाटतं. ओठ तसाच आहे." बाबांच्या चांगल्या बाजूला हसू आलं. दोन महिन्यांतलं पहिलं.

बारा वर्षं ती एका सलूनमध्ये नोकरीला होती. तिथलं एक जुनं गिऱ्हाईक अंथरुणाला खिळलं म्हणून त्यांच्या घरी गेली, मग त्यांच्या शेजारी, मग तिथून पुढे. आता तिच्याकडे बेचाळीस घरं होती आणि सगळी माणसं अंथरुणाला खिळलेली.

"परवाना आहे ना?" मी सहज विचारलं. एकोणीस वर्षं नगरपालिका, पाणी, रस्ते, टेंडरं यांच्या बातम्या देत आले, त्यामुळे तोंडातून गेलंच.

ती हसली. "कसला परवाना देणार? केस कापायचे तर नोंदणी केलेली जागा पाहिजे, वाहत्या पाण्याचं बेसिन पाहिजे आणि खुर्ची जमिनीला नटबोल्टने ठोकलेली पाहिजे. आता काकांचा पलंग ठोकू का जमिनीला?"

मी नियम काढून वाचला. शब्द न् शब्द तसाच होता.

लेख लिहायचं मी तिला विचारूनच ठरवलं. ती थोडी चाचरली. मग म्हणाली, "लिहा. पण माझं नाव नको, फोटो नको. माझं बरं चाललंय." मी दोन्ही गोष्टी पाळल्या. पण त्या अंगठ्यावर मी एक वाक्य लिहिलं होतं. चांगलं वाक्य होतं, सगळा लेख त्याच्यावर तोलून उभा होता. उपसंपादक म्हणाला, "एवढी खूण द्यायला हवी का?" मी म्हटलं, "अंगठ्यावरून कोण कुणाला ओळखतंय?"

लेख रविवारी आला. सोमवारपर्यंत लोकांनी तो एकमेकांना पाठवून पाठवून शहरभर केला. पत्रं आली. मीही हुरळून गेले, खोटं कशाला बोलू.

नवव्या दिवशी कात्रीताईचा फोन आला. आवाज खणखणीत नव्हता. "दोन माणसं आली होती. नोटीस दिली. कात्र्या घेऊन गेले, पंचनामा करून. ताई, त्यांना माझा अंगठा पाहायचा होता."

मी तशीच उठून परवाना खात्यात गेले. तिथला साहेब माझ्या जुन्या ओळखीचा. सरळ माणूस. त्याने मला खुर्ची दिली, पाणी मागवलं. "मी वाचला लेख. बायकोलाही वाचून दाखवला. तुम्ही खरं तेच लिहिलंय."

"मग नोटीस कशाला?"

"सलूनवाल्यांच्या संघटनेची लेखी तक्रार आली. तक्रार नव्हती तोवर मला काही माहीत नव्हतं. खरं म्हणजे माहीत होतं, आमच्या सासूबाईंकडे तीच यायची. पण कागद टेबलावर आला की माझे हात बांधलेले." त्याने फाईल माझ्यापुढे सरकवली. "पुराव्यादाखल काय जोडलंय तेही बघा."

माझाच लेख होता. अंगठ्याच्या वाक्याखाली कुणीतरी पट्टी धरून लाल रेघ मारली होती.

त्यानंतर मी काय केलं नाही? दोन नगरसेवकांना भेटले. एक वकील गाठला. त्याने केस लढता येईल म्हणून सांगितलं, पण निकालाला चार वर्षं धरा म्हणाला. बेचाळीसपैकी कितीजण चार वर्षं थांबणार होते? पुढचा लेख लिहायला बसले तर कात्रीताईने हात जोडले. "आता काही लिहू नका. पाया पडते."

घरोघरचे फोन मला यायला लागले. कुणाची आई, कुणाचा नवरा. एक मुलगी म्हणाली, "माझ्या आईच्या डोक्यात जटा झाल्यात. तुम्हाला काय मिळालं हे छापून?" बाबांची दाढी पुन्हा वाढली. मी एकदा प्रयत्न केला आणि हनुवटीखाली कापलं. रक्त थांबेना तेव्हा दादाने माझ्या हातातून वस्तरा काढून घेतला.

त्याच आठवड्यात संपादकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मुक्त बाजारपेठ आणि व्यक्तिस्वातंत्र्य यांचा पुरस्कार करणाऱ्या पत्रकारितेसाठी एक प्रतिष्ठान दर वर्षी पारितोषिक देतं. संपादकांनी तिथे माझा लेख पाठवला होता आणि तो पहिला आला होता. "पुरस्कार करणाऱ्या लेखाला पुरस्कार!" संपादक आपल्याच विनोदावर खूश झाले. माझा चेहरा पाहून म्हणाले, "अगं, जा. तिथे मोठी मोठी माणसं येतात. व्यापार खात्याचे उपमंत्री येणार आहेत. तुझ्या कात्रीवालीचं काम तिथेच होईल."

ते मला पटलं. बुडत्याला वाटतं तसं पटलं.

आधी कात्रीताईकडे गेले. दोन खोल्यांचं घर, रबरी चादर दोरीवर वाळत होती. बक्षीस तुम्हीच घ्या, म्हटलं.

"काय म्हणून घेऊ? बक्षीस म्हणून का भरपाई म्हणून?"

"काहीही म्हणून घ्या."

"मला काम द्या, ताई. काम देता येईल का?" तिने चहा केला आणि रागाचा एक शब्दही काढला नाही. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर मी हलकी होऊन घरी आले असते.

समारंभ एका हॉटेलच्या सभागृहात होता. गालिचा इतका जाड की पाऊल ऐकू येत नव्हतं. परीक्षकांच्या प्रमुखांनी भाषणात सांगितलं की माणसाला आपल्या कौशल्यावर जगू देणं हेच खरं स्वातंत्र्य, आणि ते या लेखातल्या एका वाकड्या अंगठ्याने शिकवलं. मी आभाराचा कागद घडी घालून ठेवला आणि घडलेलं सगळं सांगितलं. नोटीस, कात्र्या, लाल रेघ, जटा झालेली आई. शेवटी म्हटलं, "या सभागृहात हे थांबवू शकतील अशी माणसं बसली आहेत. मला कुणीतरी सांगा, उद्या सकाळी मी कुणाकडे जाऊ?"

टाळ्या सुरू झाल्या. लोक उभे राहिले. मी माईकसमोर उत्तराची वाट पाहत थांबले आणि टाळ्या थांबेनात. शेवटी निवेदिकेने हळूच माझ्या पाठीला हात लावून मला खाली आणलं.

जेवणाच्या वेळी मी परीक्षकांच्या प्रमुखांना गाठलं. म्हातारे, सभ्य गृहस्थ. डोळ्यांत खरंच पाणी होतं. "आम्ही खटले लढत नाही हो. आम्ही विचार पसरवतो. आणि एका अर्थी बघा, त्या बाईंवर बंदी आली म्हणजे तुमच्या लेखाचं म्हणणं सिद्धच झालं."

उपमंत्र्यांनी माझं कार्ड घेतलं. नियम बदलायला समिती नेमतो म्हणाले. मला ती थाप वाटली, पण त्यांनी खरोखर समिती नेमली.

दरम्यान कात्रीताई एका हॉटेलच्या धुलाईघरात चादरी इस्त्री करायला लागली. बाबा हिवाळ्यात गेले, तीन महिन्यांच्या दाढीसकट.

लेख आल्यापासून अकराव्या महिन्यात नवा नियम आला. आजारी माणसाच्या घरी जाऊन केस कापायला मुभा, परवाना साध्या अर्जावर. मी छापील पान घेऊन परवाना खात्यात धावले. साहेबाने चष्मा लावला आणि चौथ्या कलमावर बोट ठेवलं. गेल्या तीन वर्षांत ज्यांच्यावर नियमभंगाची कारवाई झाली असेल त्यांना परवाना मिळणार नाही.

"अख्ख्या शहरात अशी कारवाई एकीवरच झालीये," तो म्हणाला. "मी वर लिहून पाहिलं. दोनदा लिहिलं."

संपादकांना या विजयावर लेख हवा होता. मी नाही म्हटलं. त्यांनी दुसऱ्याकडून लिहून घेतला.

कात्रीताईला मी धुलाईघराच्या मागच्या दाराशी जाऊन सांगितलं. तिने चौथं कलम स्वतः वाचलं, ओठ हलवत, दोनदा. मग पान परत दिलं.

"दुसऱ्या कुणाला मिळेल ना परवाना?"

"मिळेल."

"माझ्या जुन्या सलूनमधली एक पोरगी आहे. हाताने हलकी आहे. तिला अर्ज करायला सांगते."

पुढच्या रविवारी सकाळी तिने मला घरी बोलावलं. ती पोरगी आली होती, भिंतीला टेकून बसलेली. कात्रीताईचं अक्षर लागत नाही, म्हणून लिहायचं काम माझ्याकडे. ती पाठ म्हटल्यासारखं सांगत गेली. पिवळ्या इमारतीतल्या आजी, डाव्या कानामागे गाठ आहे, कंगवा जपून. शाळेमागचे मास्तर, आधी पाणी पाजायचं, मग हात लावायचा. जटा झालेली आई, कापू नको, तेल लावून बोटांनी सोडव, तीन खेपा लागतील. मध्येच थांबायची, आठवायची, "नाही, ते गेले," म्हणायची आणि पुढचं घर सांगायची. आमच्या घराशी आली तेव्हा माझ्याकडे पाहिलं आणि त्याच्या पुढचं घर सांगितलं.

बेचाळीसची अठ्ठावीस घरं उरली होती. पोरीने यादी घेतली, घडी घातली आणि विचारलं, "मावशी, सैल गाल कसा ताणायचा?"

कात्रीताईने स्वतःचा अंगठा पुढे केला, मग पोरीचा सरळ अंगठा हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. "तुला निराळं काहीतरी शोधावं लागेल," ती म्हणाली, आणि दुपारच्या पाळीला उशीर होतोय म्हणत चपला शोधायला लागली.