चौदा भोकांची बादली

मी एक जुनी पत्र्याची बादली आहे. मित्रांनो, माझ्या बुडाला चौदा भोकं आहेत. ती पडलेली नाहीत, पाडलेली आहेत. थंड उत्तरेतल्या तैगाच्या जंगलात रेनडिअर राखणाऱ्या उल्यानाने मला पाण्यासाठी आणलं होतं. तीन वर्षं मी नदीचं पाणी वाहिलं. मग एका जूनमध्ये तिने मला पालथं घातलं आणि खिळ्याने भोसकलं. माझं काय चुकलं, ते मला कळलं नाही.

त्यानंतर ती माझ्यात निखारे, कुजकं लाकूड आणि ओलं शेवाळ भरू लागली. भोकांतून वारा शिरायचा, धूर दाटायचा आणि डासांचे थवे दूर पांगायचे. माणसं खोकायची, डोळे पुसायची, तरी मलाच चिकटून बसायची. रेनडिअर तर धुरात तोंड खुपसायचे. ही शिक्षा होती की कौतुक? विचारणार कोणाला?

जुलैत गोमाश्यांनी कळप उधळला. उल्यानाचा धाकटा भाऊ प्रोकोपी जाळीची टोपी न घेताच मागे धावला. संध्याकाळी कळप आपणहून धुरापाशी परतला, प्रोकोपी मात्र आला नाही.

सकाळी उल्यानाने मला पेटवलं आणि ती दलदलीकडे निघाली. हाक मारायला तोंड उघडलं की डास घशात जायचे. म्हणून ती मुकाट्याने मला हलवत चालली. शेवाळ जळून गेलं की वाकून नवं भरायची. माझी कडी तापली होती, तरी तिने हात बदलला नाही.

दुपारी झुडपांतून प्रोकोपी रांगत आला. चिलटांनी चावून त्याचे डोळे सुजून मिटले होते. तो धुराच्या वासावर आला होता.

"ताई, तूच ना?"

"नाही, अस्वल. बिनटोपीची माणसं शोधतंय." तिने त्याचा हात घट्ट धरला.

"आणि कळप?"

"तुझ्याआधी घरी पोचला. त्याला अक्कल आहे."

तिने मला त्याच्यासमोर ठेवलं. त्याने धुरात चेहरा धरला आणि तो रडला. धुराने की आणखी कशाने, मला सांगता येत नाही.

पहिल्यांदा दहिवर गोठलं आणि डास संपले. उल्यानाने माझी राख झटकून मला फांदीला टांगलं. तंबू उतरवला, सामान रेनडिअरवर लादलं. पाण्याची नवी बादली बरोबर गेली. प्रोकोपीने जाताना मला टिचकी मारली. तो निरोप होता का, मला उमगलं नाही.

आता बर्फ पडतंय. मला पुढच्या उन्हाळ्यासाठी ठेवलंय की टाकून दिलंय, ते खरंच ठाऊक नाही. मित्रांनो, एखादी वस्तू किंवा माणूस मागे ठेवून निघाल, तेव्हा एवढं तरी सांगा, तुम्ही परत येणार आहात की नाही.